लायडन: कालव्यांचं गाव, कोकणाचे धागे

गुरुवार

शिफोल विमानतळावरून लायडनला जायला फार यातायात करावी लागत नाही. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे. आपलं बँकेचं कार्ड फाटकापाशी टेकवायचं आणि गाडीत बसायचं. उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवायचं, म्हणजे भाडं आपोआप कापलं जातं. पाव तास-वीस मिनिटांत लायडन येतं. माझी भाची इथल्या विद्यापीठात शिकते. गेलं वर्षभर तिचं एकच पालुपद होतं, "मावशी, मे महिन्यात ये, बाग फुललेली असते." शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे बागेचं नाव काढल्यावर मला आणखी आग्रह लागत नाही. सोबत आमचे हे. त्यांची नोकरी सोलापूरच्या कापड गिरणीत झाली. लायडन एके काळी लोकरीच्या कापडाचं गाव होतं एवढं कळल्यावर तेही लगेच तयार झाले.

बॅगा ठेवल्या आणि लगेच बाहेर पडलो. मेमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी पोचूनही दिवस हाती राहतो. ऱ्हाईन नदीचे दोन जुने फाटे, आउडे राइन आणि न्यूवे राइन, गावाच्या मधोमध एकत्र येतात. सगळं जुनं गाव या पाण्याभोवती वसलंय. सतराव्या शतकातली गावठाणं धरली, तर ॲमस्टरडॅमनंतर देशातलं सगळ्यात मोठं गावठाण इथलं. तरीही या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी सहज जाता येतं. सायकली मात्र सगळीकडून येतात. लाल रंगाचा पट्टा सायकलींचा, त्यावर उभं राहून फोटो काढायचे नाहीत, हे भाचीने पहिल्या दहा मिनिटांत बजावलं.

दोन नद्यांच्या बेचक्यात मातीची एक टेकडी आहे. माणसांनी भर घालून केलेली. तिच्यावर विटांची गोल तटबंदी आहे, ती म्हणजे बुर्ख्त. सुमारे हजार वर्षांपूर्वीची ही जागा. आत महाल नाही की मंदिर नाही, नुसतं गवत आणि एक झाड. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला वाटायचाच नाही. पण हा देश इतका सपाट आहे की एवढ्याशा उंचीवरूनही सगळी कौलं, दोन प्रचंड चर्च आणि लांबवरची पवनचक्की दिसते. तिकीट नाही. तटावरच्या फेरीवर चालत भाचीने आम्हाला वेढ्याची गोष्ट सांगितली. या गावात पुढे जे काही पाहाल, त्याचं मूळ या गोष्टीत आहे.

सन १५७४. नेदरलँड्सची स्पेनच्या राजाविरुद्ध लढाई चालू होती आणि स्पॅनिश फौजेने लायडनला मेअखेरीस वेढा घातला. बाहेरून दाणा आत येईना. गावात १८ हजारांच्या आसपास माणसं होती, त्यातली ६ हजार भुकेने आणि प्लेगने गेली असं धरतात. धातू नव्हता म्हणून कागदाची नाणी पाडली, तीही चर्चमधल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या कागदाची. नगराध्यक्ष फान देर वेर्फ यांची कथा इथे पोराटोरांना पाठ आहे: शरण जाऊ या म्हणणाऱ्या उपाशी लोकांना ते म्हणाले, हवा तर माझा हात कापून खा, पण गाव सोडणार नाही. खरं-खोटं इतिहासकार जाणोत. पण त्यांचा पुतळा गावातल्या बागेत उभा आहे.

सुटका झाली ती पाण्याने. स्पेनविरुद्धच्या बंडाचा पुढारी ऑरेंजचा विल्यम, त्याच्या लोकांनी ऑगस्टमध्ये पाणी अडवणारे बांध स्वतःच फोडले. स्वतःची शेतं, कुरणं, गावं बुडवून सपाट बुडाच्या नावा लायडनपर्यंत न्यायच्या, असा बेत होता. पण पाणी पुरेसं चढेना. नावा आठवडेच्या आठवडे चिखलात अडकून पडल्या आणि इकडे गावात माणसं मरत होती. शेवटी ऑक्टोबरच्या पहिल्या तारखांना वादळ उठलं, वारा फिरला, पाणी आत घुसलं आणि स्पॅनिश फौज रातोरात पळाली. ३ ऑक्टोबरला नावा आल्या, त्या हेरिंग मासे आणि पांढरा पाव घेऊन. आजही दर ३ ऑक्टोबरला गावकऱ्यांना हेरिंग आणि पाव वाटतात.

विल्यमने या गावाला दिलं काय, तर विद्यापीठ. वेढा उठल्यावर चारच महिन्यांनी, ८ फेब्रुवारी १५७५ ला, ते सुरू झालं. उत्तर नेदरलँड्समधलं पहिलं. लोकांना करमाफी की विद्यापीठ अशी निवड दिली होती आणि त्यांनी विद्यापीठ मागितलं, अशी दंतकथा आहे. दंतकथा असली तरी ज्या गावाला स्वतःबद्दल अशी दंतकथा रचावीशी वाटते, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

खाली उतरून ब्रेस्ट्रात या रस्त्यावर नगरपालिकेची इमारत पाहिली. दर्शनी भाग १५९७ सालचा. १९२९ च्या आगीत मागची इमारत जळली, पुढची भिंत वाचवून बाकीचं नव्याने बांधलं. तिथे दगडात वेढ्यावरची एक कविता कोरली आहे. तिच्यातली अक्षरं मोजली तर १३१ भरतात, वेढ्याच्या दिवसांइतकी. आणि त्यातली रोमन आकड्यांची अक्षरं वेगळी काढून बेरीज केली की १५७४ येतात. ह्यांनी भिंतीसमोर उभं राहून खरोखर मोजायला घेतलं होतं.

परतताना घरांच्या भिंतींवर कविता दिसू लागल्या. जाहिरातीच्या आकाराच्या, रंगाने लिहिलेल्या, ज्या भाषेत लिहिल्या गेल्या त्याच भाषेत आणि त्याच लिपीत. हा उपक्रम १९९२ मध्ये एका रशियन कवितेने सुरू झाला आणि शंभरावर कविता झाल्या. नंतर भौतिकशास्त्रवाल्यांनीही आपली सूत्रं भिंतींवर रंगवून घेतली. आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षणाचं समीकरण बूरहावे संग्रहालयाच्या भिंतीवर आहे. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा स्नेलचा नियम वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला तो स्नेलच्या स्वतःच्या गावातल्या भिंतीवर भेटला, तेव्हा काय वाटलं ते ज्याने खडू धरलाय त्यालाच कळेल.

शुक्रवार

आजचा दिवस बागेचा. रापेनबर्ग हा इथला सगळ्यात देखणा कालवा. दोन्ही काठांना लिंडनची झाडं, उंच खिडक्यांची घरं, कमानीचे दगडी पूल. त्याच्या काठावर विद्यापीठाची मूळ इमारत आहे. आधी ते जोगिणींच्या मठाचं प्रार्थनाघर होतं, १५८१ पासून विद्यापीठाकडे आहे. आत एक चिमुकली खोली आहे. परीक्षेच्या निकालाची वाट पाहत विद्यार्थी तिथे घाम गाळत बसत, आणि पास झाले की भिंतीवर सही करत. मानद पदवी घ्यायला आलेल्या चर्चिल आणि नेल्सन मंडेला यांच्या सह्याही त्या भिंतीवर आहेत. भाचीची सही अजून व्हायची आहे. जागा तिने आत्ताच हेरून ठेवलीय.

इमारतीच्या मागून होर्टस बोटॅनिकसमध्ये शिरतात. १५९० मध्ये ही बाग करायचं ठरलं आणि क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ मध्ये येऊन ती उभी केली. पुढच्या वर्षी त्याने लावलेला ट्यूलिप इथे फुलला. ट्यूलिपच्या देशात ट्यूलिपची अभ्यासपूर्वक लागवड सुरू झाली ती इथून. त्याच्या मूळ वाफ्यांचा नकाशा उपलब्ध असल्यामुळे तशीच चौकोनी बाग पुन्हा उभारली आहे. कमरेएवढीही उंच नसलेली झाडं, प्रत्येकाला पाटी, मधून विटांच्या पायवाटा. औषधी कोणतं, विषारी कोणतं, वैद्यकाच्या विद्यार्थ्याला डोळ्यांनी ओळखता यावं म्हणून ही बाग केली होती.

हा क्लुसियस मला आधीपासून माहीत होता तो गोव्यामुळे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, मुंबई बेटाचा पट्टाही त्याच्याकडे होता. आपल्याकडच्या औषधी, मसाले, फळं यांच्यावर त्याने संवादरूपात ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. क्लुसियसला तो सापडला आणि त्याने चारच वर्षांत त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये छापला. युरोपने आपले वेलदोडे, मिरी, आंबा यांच्याबद्दल बराच काळ वाचलं ते या लॅटिन आवृत्तीतून. ऑर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. त्याचं काम मात्र क्लुसियसच्या हातून आधीच युरोपात पोचलं होतं. लायडनच्या वाफ्यांमधून फिरताना मला पणजी दिसत होती, यात अतिशयोक्ती नाही.

पुढे एक लॅबर्नमचं झाड आहे, १६०१ मध्ये लावलेलं. या बागेतला हा सगळ्यात म्हातारा वृक्ष. आम्ही गेलो तेव्हा पिवळे घोस लोंबत होते आणि ह्यांनी लांबूनच ओरडून विचारलं, "अगं, बहावा इथे कुठला?" चूक नव्हे ती, दोघं एकाच कुळातले, शेंगांच्या कुळातले, आणि फुलायची वेळही मे महिन्याचीच. जवळ जाऊन बघितलं की फरक कळतो. बहाव्याचं फूल मोकळं, पाकळ्या सुट्या, पुंकेसर बाहेर वळलेले. लॅबर्नमचं फूल वाटाण्याच्या फुलासारखं मिटलेलं. पानंही तीन-तीनच्या जुडग्यात. बहाव्याच्या शेंगेतला गर आपल्याकडे रेचक म्हणून देतात, लॅबर्नमचं बी मात्र विषारी. त्या बुंध्याला हात लावायचा मोह आवरला. सव्वाचारशे वर्षांची साल आहे ती.

बहाव्यावरून मला जे पाहायचं होतं ते आठवलं, आणि बाकावर बसून ते फोनवर उघडलं. होर्टस मलबारिकस, म्हणजे मलबारच्या वनस्पतींचा महाग्रंथ. डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोचीमधला अधिकारी हेंड्रिक फान रेडे याने तो करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. त्यात सातशेहून जास्त वनस्पती आहेत. पहिल्या खंडावर टिपणं लिहिली ती याच लायडनच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने, आर्नॉल्ड सायेनने. पहिल्याच पानांवर नारळ आहे. त्याच खंडात पुढे बहावा आहे, मल्याळी 'कोन्ना' या नावाने. तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली पानभर चित्रं, आणि चित्रांच्या कोपऱ्यात रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी लिपीत नावं.

नागरी लिपीत, कारण हे ज्ञान देणाऱ्यांत तीन कोकणी वैद्य होते: रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट. पोर्तुगीजांच्या जाचाने गोवा सोडून कोचीला गेलेल्या कोकणी समाजातले. त्यांच्या जोडीला इट्टी अच्युतन हे केरळातले वैद्य. या चौघांनी झाडं ओळखली, नावं सांगितली, गुण सांगितले. आणि ग्रंथाच्या सुरुवातीला कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र छापलंय, एप्रिल १६७५ चं, कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत. फोनवर मोठं करून वाचू लागले. काही वळणं जुनी आहेत, पण अक्षरं आपली. भाचीलाही दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, मी रोज या बागेच्या फाटकावरून जाते आणि मला हे ठाऊक नव्हतं." साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेल्या विज्ञानग्रंथात स्थानिक वैद्यांना नावानिशी श्रेय दिलं जावं, ही साधी गोष्ट नाही. फान रेडेचा हेतू काही निव्वळ ज्ञानाचा नव्हता. कंपनीला औषधं युरोपातून आणण्याऐवजी जागेवर मिळाली तर स्वस्त पडतील, हा हिशोब त्यात होता. तरीही नावं त्याने गाळली नाहीत. त्याच्या पश्चात कित्येकांनी गाळली. तो स्वतः १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर, मुंबईच्या किनाऱ्याजवळ जहाजात वारला आणि सुरतेत पुरला गेला. केरळच्या के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घालवून हा ग्रंथ लॅटिनमधून इंग्रजीत आणला, म्हणून आपल्याला तो आज वाचता येतो. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला ही चार वैद्यांची नावं ठाऊक असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत झाडांना शास्त्रीय नावं देणारा लिनियस असतो. लिनियसने मलबारच्या झाडांना नावं देताना आधार याच ग्रंथाचा घेतला होता, तेवढं एक वाक्यही पुरे.

काचघरात तळहाताच्या कितीतरी पट मोठी पानं पसरलेलं ॲमेझॉनचं कमळ आहे. तिथली दमट ऊब अंगाला लागली आणि थेट रत्नागिरीचा जून आठवला. जपानी बागही आहे, पण तिथे आम्ही फार थांबलो नाही.

बागेबाहेर विटे सिंगल कालव्याकाठी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. आम्ही गेलो तेव्हा इथल्या संग्रहात चोळ राजांचे ताम्रपट होते. राजराज चोळाने नागपट्टणमच्या बौद्ध विहाराला आणैमंगलम गाव दिल्याची सनद. एकवीस पत्रे एका जाड कडीत ओवलेले, वर राजमुद्रा. हिंदू राजा, बौद्ध विहार, आणि तो बांधणारा समुद्रापलीकडचा श्रीविजयचा राजा. अकराव्या शतकातल्या दक्षिण भारताचं एवढं मोठं चित्र एका सनदेत आहे. ते असे मांडून ठेवलेले नव्हते, त्यामुळे आम्ही बाहेरूनच इमारत पाहिली. भारत सरकारने त्यांची मागणी केली होती. माझं मत विचाराल तर ते पत्रे तमिळनाडूत असावेत. ग्रंथ छापून जगभर पोचतो, पण सनद ही त्या गावाची असते.

संध्याकाळी बूरहावे संग्रहालय. विज्ञानात रस असेल तर हे चुकवू नका. आत शरीरविच्छेदनाचं गोल सभागृह जसंच्या तसं उभारलंय. चढत्या लाकडी कठड्यांमागे विद्यार्थी उभे राहत आणि मधल्या टेबलावर प्रेत असे. कठड्यांवर माणसांचे आणि जनावरांचे सांगाडे, काहींच्या हातात मृत्यूची आठवण देणारे झेंडे. लेवेनहूकचे सूक्ष्मदर्शक बघून मी खिळलेच. बोटाएवढी पितळी पट्टी, त्यात ज्वारीच्या दाण्याहून लहान भिंग. जिवाणू पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांना दिसले ते असल्या उपकरणातून. आणि शेजारच्या दालनात हेलियम द्रवरूप करणारं, भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ऑनेसचं यंत्र. १० जुलै १९०८ ला या गावात हेलियम पहिल्यांदा द्रव झाला, उणे २६९ अंशांना, जेमतेम ६० मिलिलीटर. तीन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत अतिसंवाहकता, म्हणजे अतिथंड धातूतून वीज विनाअडथळा वाहणं, सापडली.

शनिवार

शनिवारी न्यूवे राइनच्या दोन्ही काठांना बाजार भरतो. फुलं, भाज्या, मासे, कापडाचे तागे, चीजची चाकं. मधल्या कोर्नब्रुख पुलावर छप्पर आहे, कारण पूर्वी इथे धान्याचा व्यवहार चाले आणि पावसात धान्य भिजू नये.

हेरिंग खाल्ला. ताजा नवा हेरिंग जूनमध्ये येतो, आम्हाला मिळाला तो मागच्या हंगामाचा. मासा शिजवत नाहीत. कल्ल्यातून आतडी काढतात, पण स्वादुपिंड ठेवतात. त्यातली पाचकद्रव्यं मिठात माशाला मुरवतात आणि मऊ करतात. बारीक चिरलेला कांदा पसरून शेपटीला धरून खायचा. चव समुद्राची, पोत लोण्याचा. आपली तारली याच कुळातली, त्यामुळे मला तो परका वाटला नाही. ह्यांनी किबलिंग, म्हणजे माशाचे तळलेले तुकडे, घेतले आणि त्यातच सुख मानलं.

चीजच्या गाड्यावर मात्र दोघंही रमलो. लायडनच्या चीजमध्ये जिरं असतं. लोणी काढून उरलेल्या दुधाचं हे चीज, म्हणून कोरडं आणि टणक. बाहेरची साल तांबडी, तिच्यावर गावाच्या निशाणीतल्या दोन किल्ल्या उमटवलेल्या. विक्रेत्याने पातळ काप कापून हातावर दिला. दाताखाली जिरं आलं आणि क्षणभर हॉलंड विसरले. थोडं जुनं मुरलेलं घ्या, नवं तितकंसं लागत नाही.

दुपारी लाकेनहाल. १६४० मध्ये लोकरी कापडाची तपासणी करण्यासाठी बांधलेला हा वाडा, १८७४ पासून संग्रहालय. इथे बोलले ते हे. १५८५ च्या सुमारास फ्लँडर्समधून धर्मासाठी पळालेले हजारो विणकर इथे आले. वेढ्याने ओस पडलेलं गाव त्यांनी पुन्हा भरलं आणि शंभर वर्षांत लायडन युरोपातलं लोकरीचं मोठं केंद्र झालं. प्रत्येक ताग्याची लांबी, रुंदी, वीण, रंग तपासून त्याला शिशाचं सील लावत. सील नसेल तर माल लायडनचा नाही. हे तासभर त्या सिलांपुढे होते. "आम्ही पण असाच शिक्का मारायचो," म्हणाले, "पण आमचा ताग्याच्या टोकाला, शाईने." आयसाक फान स्वानेनबुर्खने काढलेली चित्रमालिका आहे. लोकर धुणं, पिंजणं, कातणं, विणणं, तुडवणं, रंगवणं, सगळे टप्पे. तुडवणाऱ्यांचे उघडे पाय बघून ह्यांनी मला समजावलं की तुडवल्याशिवाय लोकरीचे धागे एकमेकांत गुंतत नाहीत, कापड दाट होत नाही आणि आटून पक्कं बसत नाही. चित्र रंगवणाऱ्याला काम माहीत होतं, असं त्यांचं मत. त्या मजुरांमध्ये लहान मुलंही असत, हे इतिहासातलं सत्य. चित्रांतल्या चेहऱ्यांवर ते फारसं येत नाही.

याच संग्रहालयात वेढा उठल्यावर स्पॅनिश छावणीत सापडला असं सांगतात तो हुट्सपॉटचा हंडा आहे. काळवंडलेला, साधा. त्यात उरलेली गाजर-कांद्याची भाजी उपाशी गावाने पहिल्यांदा खाल्ली, अशी कथा. रेम्ब्रांटची अगदी कोवळ्या वयातली चित्रंही आहेत. त्याचा जन्म १६०६ मध्ये इथल्याच गल्लीत झाला, पवनचक्कीवाल्याच्या घरी. घर आता नाही. स्वानेनबुर्खचाच मुलगा त्याचा पहिला गुरू.

पीटर्सकेर्क हे चर्च आम्ही धावतपळत पाहिलं. इंग्लंडमधून धर्मासाठी पळून आलेले पिल्ग्रिम पंथाचे लोक १६०९ ते १६२० इथे राहिले आणि इथूनच त्यांच्यातले काही अमेरिकेला गेले. त्यांचा पाद्री जॉन रॉबिन्सन मागेच राहिला आणि याच चर्चमध्ये पुरला गेला. अमेरिकन पर्यटकांची रीघ असते. आम्हाला शेजारच्या हॉफ्येचं अप्रूप जास्त. हॉफ्ये म्हणजे मधल्या अंगणाभोवतीची छोटी घरं, धर्मादाय पैशांतून गरीब वृद्धांसाठी बांधलेली. गावात अशी पस्तीस आहेत आणि आजही त्यांत माणसं राहतात. दार उघडं असेल तर आत जाता येतं, पण हळू आवाजात, आणि खिडक्यांत डोकावायचं नाही. एक आजीबाई गुलाबाची छाटणी करत होत्या. नमस्कार केला, त्यांनीही मान हलवली आणि पुन्हा कामाला लागल्या.

रविवार

स्टेशनजवळची दे फाल्क ही पवनचक्की रविवारी दुपारी उघडते. १७४३ सालची, विटांची, तटाच्या जागी उंचावर बांधलेली, म्हणजे घरांच्या वरून वारा मिळतो. खालच्या मजल्यावर चक्कीवाल्याचं घर तसंच ठेवलंय. शिड्या फार उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या मजल्यांचा हट्ट धरू नये. मधल्या गच्चीवरून पंखे हाताशी येतात. चक्की थांबवताना पंखे कुठे उभे करायचे याला अर्थ असतो: वरचा पंखा माथ्यावर यायच्या किंचित आधी थांबवला तर घरात आनंद आहे, माथा ओलांडून थांबवला तर दुःख. दुरून येणाऱ्याला बातमी आधीच कळते.

तिथून वेरेल्डम्युझियममध्ये, म्हणजे जगभरच्या संस्कृतींच्या संग्रहालयात, गेलो. जावामधल्या सिंगसारीच्या तेराव्या शतकातल्या मूर्ती दोनशे वर्षं नेदरलँड्समध्ये होत्या, त्यांच्यातली महिषासुरमर्दिनी आणि तिच्या सोबतच्या मूर्ती २०२३ मध्ये इंडोनेशियाला परत गेल्या. जिथे ती दुर्गा होती तिथे जाऊन उभं राहायचं होतं मला. मूर्ती पाहायला मिळाली नाही याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

शेवटचं ठिकाण पुराणवस्तू संग्रहालय. त्याच्या प्रवेशदालनात इजिप्तमधलं अख्खं देऊळ उभं आहे, ताफ्या या गावचं, रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातलं. आस्वान धरणाच्या पाण्याखाली नूबियातली देवळं जाणार होती. ती वाचवायला मदत केली म्हणून इजिप्तने हे नेदरलँड्सला दिलं. साडेसहाशेहून जास्त दगड आणून पुन्हा रचले. देताना इजिप्तने अट घातली होती की देवळाच्या दर्शनाला पैसे घ्यायचे नाहीत. म्हणून ते तिकिटाच्या खिडकीच्या अलीकडे आहे. कोणीही रस्त्यावरून आत यावं आणि बघावं. आम्ही गेलो तेव्हा दोन शाळकरी पोरं पायरीवर बसून सँडविच खात होती आणि पहारेकरी त्यांना कागद नीट टाकायला सांगत होता. भाचीने घड्याळ बघितलं, संग्रहालय बंद व्हायला तासभर होता. आम्ही तिकिटं काढली आणि ममींच्या दालनाकडे निघालो.